वरच्या ओट्यावरचं चायनीज

अगं सोनू, जरा कान दे इकडे. तिकडे पुण्यात बसून फोनवर बोटं फिरवतेस नि जेवण मागवतेस, ते मला कळलंय. तुझ्या आईनेच सांगितलं. डबा येतो तेव्हा नूडल्सचा गोळा झालेला असतो, सूप अर्धं पिशवीत सांडलेलं असतं, आणि वर मलाच विचारतेस, "मावशी, तुझ्यासारखं का लागत नाही गं?" कसं लागेल, बाई? कढईतून सरळ ताटात पडायचं अन्न तू गावभर स्कूटरवरून फिरवून आणतेस. वरणाला थांबवलं तर ते थांबतं, भाजी तर दुसऱ्या दिवशी जास्त मुरते, पण चायनीज रुसतं. सख्खी मावशी नाशकात चायनीजचं हॉटेल चालवते नि भाची गारढोण नूडल्स चघळते. काय म्हणावं तुला!

बरं, रागावून झालं. आता ऐक. आमच्या कॉलनीतल्या एक ताई दिवाळी अंक काढतात. म्हणाल्या, "काकू, तुमच्या धंद्याबद्दल लिहा." मी म्हटलं, माझी शाळा सातवीत सुटली, मी काय लिहिणार? तर म्हणाल्या, "गल्ल्यावर बसून बोलता ना, तसंच लिहा." मग मी ठरवलं, सोनूला सांगायचं नि तेच त्यांना नेऊन द्यायचं.

आमचं हॉटेल तू लहानपणी पाहिलंस तेव्हा नुसती गाडी होती. आता पाथर्डी फाट्याच्या पुढे, नव्या सोसायट्या संपतात तिथे पक्का गाळा आहे. खाली हॉटेल, वर आम्ही. पाटीवर ड्रॅगन आहे. पाटी रंगवणाऱ्याने जन्मात ड्रॅगन पाहिला नव्हता, नागपंचमीचा नाग मात्र पाहिला होता. त्याने नागच काढला, खाली चार पाय लावले नि तोंडातून जाळ सोडला. फण्यावर दहाचा आकडासुद्धा आहे. मागच्या गल्लीतल्या एक आजी नागपंचमीला येतात नि त्याला खालूनच हळदकुंकू दाखवतात. मी काही बोलत नाही. त्यांची श्रद्धा, आमची जाहिरात.

सुरुवातीला कढई दाजूंकडे होती. दाजू दार्जिलिंगकडचे. त्यांच्या भाषेत दाजू म्हणजे थोरला भाऊ, म्हणून सगळे दाजूच म्हणायचे. मी भाज्या चिरायची नि डोळ्याच्या कोपऱ्यातून त्यांचे हात बघायची. ते शिकवत नसत, पण लपवतही नसत. एकदा त्यांच्या घरून वडिलांच्या आजारपणाचा निरोप आला. ते गेले, ते तिकडेच राहिले. तुझे काका कुलूप हातात घेऊन पायरीवर बसले, म्हणाले, "आता काय उघडायचं?" मी पदर खोचला नि भट्टी पेटवली. सुरुवातीला मी जे काही ताटात घातलं ते लोकांनी खाल्लं, हे त्यांचे उपकार. एका गिऱ्हाइकाने तर विचारलं, "काकू, हा उपमा आहे का?" मी म्हटलं, "फ्राइड राइस आहे, पण तुम्हाला उपमा आवडत असेल तर उपमा समजा."

लोकांना वाटतं, चायनीज म्हणजे बाटलीतले सॉस. नाही गं. चायनीज म्हणजे जाळ. आमची भट्टी पेटली की शेजारी उभ्या माणसाचं बोलणं ऐकू येत नाही. कढईतून धूर निघाला की तेल, तेलात लसूण, लसूण करपायच्या आत भाजी, भाजी मऊ पडायच्या आत भात. हात थांबला की संपलं. भाताला पाणी सुटतं, कोबी रडायला लागतो. म्हणून सगळी मेहनत सकाळची. सकाळीच भात शिजवून परातीत मोकळा करून गार करायचा. नूडल्स जरा कच्च्याच ठेवून गार पाण्यातून काढायच्या, तेलाचा हात फिरवायचा. आमच्याकडे कामाला असलेली शोभा कोबी, गाजर, ढोबळी मिरची अशी बारीक चिरते की शेव पाडल्यासारखी. संध्याकाळी मग नुसता कढईचा खेळ. गिऱ्हाइकाला वाटतं, पटकन झालं. त्याने सकाळी येऊन बघावं!

आणि नाशिकचं गिऱ्हाईक म्हणजे मिसळीवर वाढलेलं. मंचुरियन दिलं की दोन गोळे खाऊन हाक येते, "काकू, रस्सा!" जसा काही तो फुकटच असतो. पहिल्यांदा मी चिडले. मग म्हटलं, या गावात रस्सा मागणं हा माणसाचा हक्क आहे. तेव्हापासून ग्रेव्हीचं पातेलं वेगळं ठेवते. एक आजोबा नातवंडांबरोबर यायचे, कवळीवाले. नूडल्स तोंडात जायच्या, अर्ध्या बाहेर लोंबायच्या, नि नातवंडं हसून लोळायची. आजोबा बिचारे ओशाळायचे. मी एक नवी कात्री आणली, त्यांच्या ताटातल्या नूडल्स कातरून दिल्या. आजोबा म्हणाले, "अहो, या तर शेवया! आधी का नाही सांगितलं?" पुढच्या वेळी नातवंडांनाही कातरलेल्याच हव्या होत्या.

पण सोनू, मला तुला सांगायचंय ते पूनमचं.

पूनम दिंडोरीकडची. वडिलांची द्राक्षबाग. ती इथे औषधाच्या कंपनीत, लॅबमध्ये कामाला. मैत्रिणींबरोबर खोली घेऊन राहायची नि आमच्याकडे यायची. सूप वन बाय टू आणि गप्पा अख्ख्या. तिला बघायला पाहुणे येऊन गेले होते, एकदा नव्हे, बऱ्याचदा. ट्रे घेऊन बाहेर ये, मान खाली घाल, नाव सांग. एकदा ती मला म्हणाली, "काकू, आता परत ट्रे उचलायला लावला ना, तर पोहे पाहुण्यांच्या डोक्यावर पडतील." मग तिच्याच कंपनीतला अक्षय तिला आवडला. मशीनदुरुस्तीच्या खात्यातला, शांत मुलगा. मनमाडचा. वडील रेल्वेत गार्ड होते, निवृत्त झालेले. आई शाळेत बाई. जातपात, शिक्षण, सगळं जुळत होतं, अडायला काही नव्हतं. अक्षयच्या आईनेच सुचवलं, "ट्रे नको ना तिला? मग बाहेर कुठेतरी सगळे मिळून साधं जेवू. जेवता जेवता बोलणं होईल."

पूनम लाजत येऊन सांगून गेली, "काकू, रविवारी टेबलं जोडून ठेवा. दोन्हीकडचे येणारेत." तिचा अंदाज असा, की गावाहून आई येईल, बरोबर मामा येईल. नाना, म्हणजे तिचे वडील, येणार नाहीत. नाना गळ्यात तुळशीची माळ घातलेले, मांसमच्छी तर सोडच, कांदा-लसूणही न खाणारे, बाहेरचं पाणी न पिणारे. पण निघायच्या वेळी मामाच्या जागी नानाच टोपी घालून गाडीत येऊन बसले. म्हणाले, "पोरीचं ठरायचं नि बाप घरी बसंल व्हय?"

आता यातली खोच तुला सांगते. आपल्याकडे सोयरीक करायची असेल तर त्यांच्याबरोबर घास मोडायचा. करायची नसेल तर "माझा उपास आहे" म्हणायचं, पाणीही न घेता हात जोडायचे नि उठायचं. तोंडाने नाही म्हणावं लागत नाही, समोरचा समजून जातो. पूनमच्या थोरल्या बहिणीच्या वेळी नानांनी एका घरी चहाचा कप नुसता बाजूला सारला होता. ती सोयरीक तिथेच मोडली.

तर रविवारी संध्याकाळी मंडळी आली. नाना दारात थांबले, पाटी वाचली. व्हेज, नॉनव्हेज. नेमका त्याच वेळी आतून चिली चिकनचा भपकारा गेला. ते आले, खुर्चीच्या कडेवर टेकले. तुझ्या काकांनी पाणी ठेवलं.

"नको."

अक्षयच्या आईने सूपचा वाडगा पुढे सरकवला. "नाना, घ्या ना थोडं. गरम आहे."

"माझं असू द्या. तुम्ही घ्या."

त्यांनी नवऱ्याकडे पाहिलं नि आपलाही चमचा खाली ठेवला. मग अक्षयच्या वडिलांनी ठेवला. मग पूनमच्या आईने. मी खिडकीतून बघत होते. टेबलभर सूप नि पिणारं कुणी नाही.

पूनम आत आली, डोळे भरलेले. "काकू, नाना पाणीसुद्धा घेत नाहीयेत. त्यांना राग नाही आलेला, त्यांना चालतच नाही इथलं. पण हे लोक काय समजतील? संपलं सगळं."

तुझे काका हळूच म्हणाले, "सांग की, व्हेजची कढई वेगळी आहे. आहेच की वेगळी."

खरंच आहे. ओळखू यावी म्हणून तिच्या कानाला मी तांब्याची तार गुंडाळलीय. पण मी म्हटलं, "कढई वेगळी, आणि भट्टी? नि लसणाचं काय? तो तर सगळ्यात पडतो."

"त्यांना काय कळतंय?"

"त्यांना नाही कळणार. मला कळतंय ना!"

मी हात पुसले नि बाहेर गेले. नानांसमोर उभी राहिले. "नाना, मी इथली स्वयंपाकीण. इथे कोंबडी होते. लसणाशिवाय इथे कढई चढत नाही. तुम्ही पाणी घेतलं नाही, ते बरोबर केलंत."

पूनमने डोळेच मिटले. तुझे काका गल्ल्यामागे वाकून काहीतरी शोधायला लागले. काय शोधत होते देव जाणे.

नानांनी पहिल्यांदा मान वर करून माझ्याकडे पाहिलं. "खरं बोलल्या ताई. लय बरं वाटलं." आणि उठायला गुडघ्यांवर हात ठेवले.

"थांबा," मी म्हटलं. "खाली हॉटेल आहे, वर माझं घर आहे. माझ्या सासूबाई माळकरी होत्या. त्यांच्या ओट्यावर आजतागायत अंडं काय, लसूणसुद्धा चढलेला नाही. वर चला. तुमच्या डोळ्यांसमोर करते. पटलं तर खा, नाही पटलं तर हात जोडून जा. मी मनाला लावून घेणार नाही."

नाना विचारात पडले. मग अक्षयच्या वडिलांना म्हणाले, "काय करायचं, पाव्हणं?"

ते गृहस्थ आल्यापासून एक शब्द बोलले नव्हते. म्हणाले, "बघून तर येऊ. आपली गाडी काही सुटत नाही."

अगं, अख्खी वरात जिन्याने वर! खालची भट्टी मी शोभाच्या हवाली केली. हातपाय धुतले, एप्रन खालीच ठेवला होता. सासूबाईंची पुऱ्या तळायची लोखंडी कढई काढली, नूडल्सचं नवं पाकीट फोडलं, सॉसची बंद बाटली आणली. नानांनी ती अक्षयच्या हातात दिली. "यात काय काय हाय, वाचा. मोठ्यानं."

अक्षय उभा राहून पाठ म्हणून दाखवल्यासारखा वाचायला लागला. पाणी, मीठ, सोयाबीन, गहू... मध्येच एक आकडा आला. नाना म्हणाले, "हे काय?"

"नाना, रंगाचा नंबर आहे."

"रंग कशाचा?"

"जळक्या साखरेचा," मी म्हटलं.

"साखर हाय, मंग चालंल."

आता माझी खरी पंचाईत. भट्टीपुढे घरचा गॅस म्हणजे समई गं. मी कोबी टाकला नि त्याला लगेच पाणी सुटायला लागलं. मागून नानांचा आवाज आला, "ताई, सगळा एकदम लोटू नका. काढा तो. कढई तापू द्या, धूर निघू द्या. मंग मूठ मूठ टाका."

मी वळून बघितलं. "तुम्हाला हो कसं ठाऊक?"

पूनमची आई दाराशी बसलेली. ती म्हणाली, "अवो, आमच्या गावच्या सप्त्याची पंगत ह्यांच्याच हातची असती."

सप्ता तुला माहीत आहे ना? गावात आठवडाभर अखंड हरिनाम चालतं नि शेवटच्या दिवशी अख्खा गाव जेवतो. तिथे कांदा नाही, लसूण नाही, आणि तरी लोक बोटं चाटतात.

"सरका जरा," म्हणत नानांनी बाह्या वर केल्या. सोनू, मी माझी कढई सहसा कुणाच्या हातात देत नाही. पण त्या माणसाने पलटा ज्या तऱ्हेने धरला ना, ते बघून मी सरकलेच. मी आलं किसून दिलं, त्यांनी मिरची उभी चिरली. मी विचारलं, "लसणाची उणीव कशाने भरता?" तर म्हणाले, "कोथमिरीच्या काड्या. पानं समदेच टाकत्यात, चव काड्यांत राहती." आणि काड्या बारीक चिरून तेलात टाकल्या. त्या वासाने मला नवल वाटलं. एवढी वर्षं मी त्या काड्या फेकत होते! मी नूडल्स उडवून दाखवल्या, त्यांनीही उडवल्या. चार बाहेर पडल्या. म्हणाले, "तुमचं हे धावतं काम हाय. आमचं बसकं." पूनम दारातून बघत होती. तिचा बाप असा हसत स्वयंपाक करताना तिने पाहिला असेल, पण आज ते बघायला मनमाडची माणसं होती.

सतरंज्या घातल्या. स्टीलची ताटं मांडली. नानांनी खांद्यावर पंचा टाकला, पातेलं उचललं नि वाढायला लागले. "घ्या, घ्या. लाजू नका. सावकाश होऊ द्या." अक्षयच्या आईने घास घेतला नि म्हणाल्या, "खरंच लसूण नाही यात?" त्यांनी आणखी मागून घेतलं. अक्षयच्या वडिलांनी काटा ठेवून सरळ हाताने सुरुवात केली. मला वाटलं, जिंकलं.

आणि मग अक्षयच्या आईचा हात ताटातच थांबला. "नाना, तुम्ही नाही बसत?"

"माझं मागून."

झालं. सगळ्यांचे घास ताटातच राहिले. कारण "मागून" म्हणजे काय, ते मनमाडलाही कळतं. माझं माहेर सायखेड्याचं, सप्त्याच्या पंगती मी पाहिलेल्या. तिथे वाढपी पंगत उठल्याशिवाय जेवत नाही, हा रिवाज. पण नाना रिवाज पाळत होते, की रिवाजाच्या आडून नाही म्हणत होते? माणूस एवढ्या प्रेमाने रांधतो, वाढतो, आणि स्वतः एक घास घेत नाही. मलाही ओळखू येईना. पूनमची मान पार ताटात गेलेली. जी मान ट्रेसाठी पुन्हा खाली घालायला ती तयार नव्हती, ती.

अक्षय उठला. उजवा हात उष्टा, म्हणून डावा पुढे केला. "नाना, द्या ते पातेलं इकडे. तुम्ही बसा, मी हात धुऊन येतो नि तुम्हाला वाढतो."

नाना एकदम मागे सरले. पातेलं छातीशी धरलं. "अवो, काय करता! जावयानं वाढायचं नसतं! बसा तुम्ही, बसा!"

मग पूनमच्या आईने पदर तोंडाला लावला. पूनमची मान झटकन वर आली. नानांच्या लक्षात आलं आपण काय बोललो ते, नि टोपीखालचे कान लाल झाले. तेव्हा ते रेल्वेतले गृहस्थ, हातावर नूडल्स, शांतपणे म्हणाले, "सिग्नल पडला म्हणायचा!"

अगं, काय हसलो आम्ही! खालून तुझे काका धावत वर आले, काय पडलं म्हणून. अक्षयच्या आई उठल्या, हात धुतले, नानांच्या हातातून पातेलं काढून घेतलं. "जावयाने वाढायचं नसतं. विहिणीने वाढलं तर चालतं ना?"

नाना मांडी घालून बसले. डोळे मिटून ताटाला हात जोडले नि पहिला घास घेतला. आम्ही सगळे त्यांच्या तोंडाकडे बघतोय. त्यांनी सावकाश चावला, गिळला. "मिरची आणखी चालली असती," म्हणाले, आणि ताट पुढे केलं. "वाढा."

सगळं आवरल्यावर मी ओटा पुसत होते तेव्हा सासूबाईंची फार आठवण झाली. खालच्या भट्टीचा वास वर यायचा तेव्हा म्हणायच्या, "वास तर छान येतोय गं." पण खाल्लं कधीच नाही. ज्या अन्नावर त्यांचं घर चाललं त्याची चव त्यांना कळली नाही. वरच्या ओट्यावर त्यांच्यापुरतं करून घालावं, एवढं साधं काही तेव्हा सुचलंच नाही बघ. या धंद्यात मला एवढीच एक हळहळ आहे.

लग्न द्राक्षं निघाल्यावर झालं, दणक्यात. आणि ऐक, पुढच्या सप्त्याला नानांनी शेवटच्या पंगतीत आमटीशेजारी नूडल्स वाढल्या! गावच्या म्हाताऱ्यांनी आधी नाकं मुरडली. मग नानांनी त्यांना "कोबीच्या शेवया" म्हणून वाढल्या, तर पातेली संपली. आधी मला फोन करून विचारलं होतं, "ताई, अख्ख्या गावाला कोबी किती लागंल?" मी म्हटलं, "नाना, तुम्हीच सांगा, सप्त्याचे आचारी तुम्ही."

आता अधूनमधून कुणी माळकरी, कुणी चातुर्मास पाळणारं येतं नि गल्ल्यावर हळूच विचारतं, "वरचं मिळेल का?" तुझे काका म्हणतात, पाटीवर लिहून टाकू. मी नाही म्हटलं. खाली गिऱ्हाईक येतं, वर पाहुणा. पाहुण्यासाठी पाटी लावतात का कुठे?

तर सोनू, भाऊबीज झाली की पूनम, अक्षय नि दोन्हीकडची मंडळी येणार आहेत. नानांनी बजावलंय, या वेळी कढई पहिल्यापासून त्यांच्याकडे. शोभा खाली भट्टीवर असणार, म्हणजे वर कोबी चिरायला मला माणूस लागणार. त्या फोनला जरा विश्रांती दे, शनिवारची सकाळची बस पकड, आईलाही घेऊन ये. आणि वाटेत काही खात बसू नकोस. उपाशी ये.